सारखे कशाला म्हणायचे : हॅश टेबलच्या डीफॉल्ट फंक्शनांविषयी प्रस्तावना

हॅश टेबलला दोनच गोष्टी माहीत असाव्या लागतात : दिलेल्या कीचा आकडा कसा काढायचा, आणि दोन की एकच आहेत हे कशावरून ठरवायचे. पहिले काम हॅश फंक्शनचे, दुसरे समानता फंक्शनचे. आकड्यावरून टेबलमधला कप्पा ठरतो, त्यामुळे शोध सगळ्या यादीत न होता त्या एका कप्प्यापुरता होतो. कप्प्यात जे सापडेल त्याच्याशी हातातली की ताडून पाहण्याचे काम समानता फंक्शन करते. लाखभर नोंदींतून एक नोंद काढायला सरासरी एक-दोन तुलना पुरतात, ही या रचनेची सगळी किमया. आज बहुतेक भाषांत हा कंटेनर तयार मिळतो आणि त्याच्यासोबत ही दोन्ही फंक्शनेही तयार मिळतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने वेगळे काही सांगितले नाही तर तीच लागू होतात. न मागता मिळणाऱ्या या जोडीला डीफॉल्ट म्हणतात, आणि हे पुस्तक त्या जोडीविषयी आहे.

पत्त्यावरचा पिन कोड हा अशा आकड्याचा सर्वांच्या ओळखीचा नमुना आहे. १९७२ साली तो सुरू झाल्यापासून पत्रांची छाटणी सहा आकड्यांवर होते, पण पत्र हातात देताना पोस्टमन नाव आणि गावच वाचतो. एका पिनखाली अनेक गावे येतात, त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते उलट बाजूने. एकाच पत्त्याला दोन पिन लागले तर पत्र भलत्याच टपालघरात पडून राहील आणि इथे शोधणारा ‘असे पत्र आलेच नाही’ म्हणून मोकळा होईल. हॅश टेबलचा करारही हाच आहे. समानता फंक्शनने ज्या दोन की एक ठरवल्या, त्यांचा हॅश एकच आला पाहिजे. वेगळ्या कींचा हॅश एक आला तर त्याला टक्कर म्हणतात. टक्कर वेळ खाते, उत्तर चुकवत नाही. करार मोडला की उत्तर चुकते, आणि तेही गुपचूप. ना एरर, ना इशारा.

समानतेवरही अटी आहेत. प्रत्येक की स्वतःशी समान हवी. पहिली दुसरीशी समान असेल तर दुसरी पहिलीशी समान हवी. पहिली-दुसरी आणि दुसरी-तिसरी समान असतील तर पहिली-तिसरीही समान हव्यात. शाळेच्या गणितात हे पाठ करून सोडून दिले जाते. प्रोग्रामात या अटी मोडणारी उदाहरणे रोज भेटतात. दशांश संख्यांमधले ‘नॅन’ हे मूल्य स्वतःशीच समान नसते, म्हणून की म्हणून टाकलेले नॅन पुन्हा हाती लागेल याची हमी बऱ्याच भाषा देत नाहीत. आणखी एक अट व्याख्येत लिहिलेली नसते, पण ती मोडणारे सर्वांत जास्त : टेबलमध्ये असेपर्यंत की बदलता कामा नये. समजा, गावाची नोंद ‘पोंभूर्णा’ अशी टाकली आणि नंतर टेबलमधल्याच ऑब्जेक्टमध्ये हात घालून नाव ‘पोंभुर्णा’ असे दुरुस्त केले. नोंद जुन्या हॅशच्या कप्प्यात राहिली. नव्या नावाने विचारले तर शोध दुसऱ्याच कप्प्यात जातो. जुन्या नावाने विचारले तर कप्पा बरोबर मिळतो, पण तिथे तुलना फसते. यादी छापली तर गाव दिसते, विचारले तर टेबल नाही म्हणते.

हॅशिंगवरच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत हॅश फंक्शनला पन्नास पाने मिळतात आणि समानतेला एक वाक्य. या पुस्तकाची भूमिका उलटी आहे. समानता आधी ठरते, हॅश तिच्या मागून येतो. समानता ठरवणे हा गणिताचा प्रश्न कमी आणि माहितीचा जास्त असतो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांची गावयादी समोर घेतली की हे लगेच ध्यानात येते. रेल्वेच्या यादीत स्टेशन वडसा आहे, महसुलाच्या यादीत तालुका देसाईगंज आहे, गाव एकच. चंद्रपूर पूर्वी चांदा होते आणि ‘चांदा फोर्ट’ हे स्टेशन त्याच शहरात आजही आहे. ब्रह्मपुरी आणि ब्रम्हपुरी ही दोन्ही रूपे सर्रास लिहिली जातात. मूल आणि मुल, नागभीड आणि नागभिड यांचेही तेच. उलट, पोंभुर्णा तालुक्यातल्या देवाडा खुर्द किंवा नवेगाव मोरे या नावांतला दुसरा शब्द गाळला तर कोणते देवाडा आणि कोणते नवेगाव हे सांगताच येणार नाही, कारण नवेगावे विदर्भात जागोजाग आहेत. खुर्द, बुज, चक, तुकूम, मोकासा, रीठ ही शेपटे इथे नावाचाच भाग असतात. डीफॉल्ट समानतेला यातले काहीही माहीत नाही. ती फक्त चिन्हामागून चिन्ह जुळवते.

हॅश टेबलचा उगम मात्र नावांच्या भाषिक अडचणींत नाही, मेमरीच्या टंचाईत आहे. आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी जानेवारी १९५३मध्ये कंपनीअंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली. एका कप्प्यात आलेल्या नोंदी साखळीने जोडायच्या, हेही त्यातच होते. त्याच सुमारास जीन ॲमडाल, इलेन मॅकग्रॉ आणि आर्थर सॅम्युअल हे आयबीएम ७०१ या यंत्राच्या असेम्ब्लरवर काम करताना दुसऱ्या वाटेने गेले. कप्पा भरलेला असेल तर पुढचा मोकळा कप्पा बघायचा. १९५६मध्ये आर्नल्ड ड्युमी यांचा लेख छापून आला, त्यात मूळ संख्येने भागून बाकी घेण्याची युक्ती होती. १९५७मध्ये वेस्ली पीटरसन यांनी मोकळ्या कप्प्याच्या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि सोव्हिएत संघात आंद्रेई येर्शोव यांना तीच पद्धत स्वतंत्रपणे सुचली. रॉबर्ट मॉरिस यांच्या १९६८च्या लेखाने ‘हॅश’ हा शब्द छापील वाङ्मयात रुजवला आणि डोनाल्ड क्नूथ यांच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडाने, १९७३मध्ये, विषयाचे गणित एकत्र बांधले.

त्या वीस वर्षांत डीफॉल्ट ही गोष्टच नव्हती. टेबल असेम्ब्लरच्या किंवा कंपायलरच्या पोटात असे, की म्हणजे चार-सहा अक्षरांचे चिन्हनाव, आणि फंक्शन लिहिणारा तोच टेबल वापरणारा. की काय आहे हे त्याला ठाऊक असे. डीफॉल्टचा प्रश्न उभा राहिला तो हॅश टेबल लायब्ररीत गेल्यावर. लायब्ररी लिहिणाऱ्याला उद्या कोण कोणती की टाकणार हे माहीत नसते, तरीही दोन्ही फंक्शनांची काहीतरी सोय त्याला आज करून ठेवावी लागते. ती कशी करावी यावरून वेगवेगळी घराणी पडली.

सर्वांत प्रामाणिक घराणे लिस्पचे म्हणावे लागेल. १९८४च्या कॉमन लिस्पमध्ये समानतेची चार फंक्शने आहेत : एक्यू म्हणजे मेमरीतला ऑब्जेक्ट तोच, एक्यूएल म्हणजे त्याशिवाय त्याच प्रकारची तीच संख्या किंवा तेच अक्षर, इक्वल म्हणजे आतला मजकूर तोच, आणि इक्वलपी म्हणजे लहान-मोठ्या लिपीचा व संख्येच्या प्रकाराचा भेदही सोडून दिलेला. टेबल तयार करताना यांपैकी कोणते हवे ते सांगायचे. न सांगितल्यास एक्यूएल. म्हणून नवखा माणूस स्ट्रिंग की म्हणून टाकतो आणि तसाच मजकूर असलेल्या दुसऱ्या स्ट्रिंगने शोधतो तेव्हा काहीच मिळत नाही. गैरसोय आहे, पण समानता एक नसून अनेक आहेत हे पहिल्याच दिवशी कळते. नंतरच्या भाषांनी ही पायरी झाकून टाकली आणि तिथूनच चुका वाढल्या, असे या पुस्तकाचे मत आहे.

१९९६ साली आलेल्या जावाने प्रत्येक ऑब्जेक्टला जन्मतःच समानता आणि हॅश दिले. मूळ अर्थ ओळखीचा : तोच ऑब्जेक्ट असेल तर समान. ज्या वर्गाला मजकुरावरून समानता हवी त्याने दोन्ही फंक्शने नव्याने लिहायची. स्ट्रिंगने ती लिहिली आहेत. बाइटच्या ॲरेने लिहिलेली नाहीत, त्यामुळे सारखाच मजकूर असलेले दोन ॲरे या टेबलात परके ठरतात. एक फंक्शन लिहून दुसरे विसरणे ही जावातली सर्वांत जुनी चूक आहे. दशांश रकमांसाठी असलेल्या बिगडेसिमलची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात ०.४ आणि ०.४० असमान आहेत, कारण दशांशस्थळांची संख्याही समानतेत धरली जाते. सातबाऱ्यावरचे हेक्टरमधले क्षेत्र की म्हणून वापरणाऱ्याला हे माहीत नसेल तर एकाच क्षेत्राचे दोन गट पडतील. यूआरएलच्या वर्गाने तर कहर केला : दोन पत्ते समान आहेत का हे ठरवायला तो नेटवर्कवर सर्व्हरचा शोध घेऊ लागला. जोडणी असताना एक उत्तर, नसताना दुसरे.

पायथनने मजकुरावर भर दिला आणि संख्यांची एकी केली. तिथे १, १.० आणि ‘ट्रू’ ही एकच की आहे, म्हणून तिघांचा हॅशही एक ठेवावा लागला. जावात पूर्णांक १ आणि लाँग १ या दोन वेगळ्या की आहेत. कोण बरोबर, हा प्रश्न निरर्थक आहे. दोघांनीही आपला करार पाळला आहे. पायथन ३ने आणखी एक शहाणपणा केला. वर्गाने समानता नव्याने लिहिली आणि हॅश लिहिला नाही, तर तो वर्ग की म्हणून चालतच नाही. यादीही चालत नाही, कारण ती बदलू शकते. रस्टने हीच दिशा टोकाला नेली : दशांश संख्येला पूर्ण समानता नाही म्हणून तिला की व्हायची परवानगीच नाही, आणि हे कंपायलर आधीच सांगतो. गो या भाषेत कीची दोन्ही फंक्शने कंपायलर स्वतः बनवतो, ती बदलायची सोय ठेवलेली नाही.

सी++मध्ये २०११च्या प्रमाणापासून हॅश टेबल आले. त्यात हॅश आणि समानता हे कंटेनरच्या प्रकाराचेच घटक आहेत. कुणी दिले नाहीत तर प्रमाण लायब्ररीचे लागतात. इथला सापळा जुन्या सी-पद्धतीच्या स्ट्रिंगचा. ती म्हणजे नुसता पॉइंटर, आणि पॉइंटरचा डीफॉल्ट हॅश पत्त्याचा निघतो, मजकुराचा नाही. चाचणीत ‘घाटकुळ’ हे नाव प्रोग्राममध्येच दोनदा लिहिले तर कंपायलर बहुधा दोन्हींसाठी एकच जागा वापरतो, शोध लागतो, चाचणी पास. मग तेच नाव फाइलमधून वाचले जाते, त्याचा पत्ता वेगळा, आणि टेबल नाही म्हणते. २०१८मध्ये गूगलने ॲब्सेल लायब्ररीतून आपली ‘स्विस टेबल’ खुली केली, तिने डीफॉल्टचा अर्थ थोडा रुंद केला. तिथे स्वतःची मेमरी बाळगणारी स्ट्रिंग आणि दुसऱ्याच्या मेमरीतला मजकूर फक्त दाखवणारी स्ट्रिंग-व्ह्यू यांना एकमेकींच्या जागी शोधता येते. साधा पॉइंटर आणि मालकी सांभाळणारा स्मार्ट पॉइंटर यांनाही. फाइलच्या ओळीतला एक तुकडा शोधण्यासाठी त्याची नवी प्रत बनवावी लागत नाही. अट तीच जुनी : प्रकार कितीही असोत, समान मजकुराचा हॅश सगळीकडून एक निघाला पाहिजे. सी++च्या प्रमाणात हॅश कंटेनरांसाठी अशी सोय २०२०मध्ये आली.

आतापर्यंतचा प्रवास इंग्रजी अक्षरे गृहीत धरून झाला. देवनागरी की आली की डीफॉल्टची परीक्षा होते, आणि हा भाग पुस्तकात मुद्दाम विस्ताराने घेतला आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो. पहिल्यात ऱ हे एकच स्वतंत्र चिन्ह आहे. दुसऱ्यात साधा र आणि त्यापुढे नुक्ता. तिसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मग डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही ‘वऱ्हाड’च दिसतात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, न दिसणारे जोडचिन्हही ३. म्हणून पहिला शब्द १८ बाइटचा, दुसरा आणि तिसरा २१चे. जावा, पायथन, रस्ट, सी++ या सगळ्यांच्या डीफॉल्टला हे तीन वेगळे शब्द आहेत. स्विफ्टची डीफॉल्ट समानता युनिकोडच्या अधिकृत समतुल्यतेवर चालते, म्हणून तिला पहिला आणि दुसरा एक वाटतात. तिसरा तिलाही वेगळाच, कारण युनिकोडने त्याला समतुल्य मानलेले नाही.

यावर उपाय म्हणून मजकूर आधी एका ठरावीक रूपात आणतात. एनएफसी या रूपात नेल्यावर दुसरा प्रकार पहिल्यात मिसळतो, तिसरा तसाच राहतो. मग न दिसणारी चिन्हे सरसकट काढून टाकावीत असे कुणालाही वाटेल, आणि तिथेच घात होतो. जोडचिन्हाच्या पद्धतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’मधून ते चिन्ह काढले की उरते ‘दर्या’. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र एका कप्प्यात येऊन समान ठरतात. क्रम असा हवा : र, हलन्त, जोडचिन्ह दिसले की आधी त्याचे ऱ करायचे, मगच बाकीची न दिसणारी चिन्हे पुसायची. ॲ या अक्षराचीही दोन रूपे आहेत. ते एकसंध चिन्ह म्हणून युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८मध्ये आले. त्याआधीचा मजकूर अ आणि चंद्र यांच्या जोडीने लिहिलेला आहे, आणि या दोहोंना युनिकोड समतुल्य मानत नाही. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे यांचे तेच : गट क्रमांक एका कारकुनाने मराठी कळफलकावर आणि दुसऱ्याने इंग्रजी कळफलकावर टंकला की डीफॉल्टपुढे दोन गट उभे राहतात. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे दिसतात, तरी तो फरक फॉन्टमधला आहे, चिन्ह एकच. त्यांच्यापासून त्रास नाही. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेल्या जुन्या फायलींची तर गोष्टच सोडा. त्यांत एकाच शब्दाचे बाइट फॉन्टगणिक बदलतात.

हे झाले लिपीचे. शुद्धलेखनाचे दुखणे याहून खोल आहे. ब्रह्मपुरी आणि ब्रम्हपुरी यांत चिन्हे तीच आहेत, फक्त ह आणि म यांची जागा बदलली आहे. चिन्हांच्या क्रमांकांची नुसती बेरीज करणारे कच्चे हॅश फंक्शन दोघांना एकच आकडा देईल, समानता फंक्शन दोन्ही वेगळी म्हणेल, आणि तालुक्यातला कुणीही माणूस ‘एकच की’ म्हणेल. उईके आणि उइके या आडनावाचे तसेच. २००६च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्यांची यादी आणि दुसऱ्या एखाद्या खात्याची यादी जुळवताना आत्राम, मडावी, उईके ही आडनावे शेकड्यांनी येतात. तिथे नुसते नाव की धरले तर वेगळी माणसे एक होतात, आणि नाव हुबेहूब जुळण्याचा हट्ट धरला तर एकच माणूस दोन होतो. यावर हॅश टेबलकडे उत्तर नाही. असू शकत नाही. ‘जवळपास सारखे’ हे नाते तिसरी अट पाळत नाही : पहिले दुसऱ्याच्या जवळ, दुसरे तिसऱ्याच्या जवळ, म्हणून पहिले तिसऱ्याच्या जवळ असेलच असे नाही. ज्या नात्याला ही अट लागू नाही त्याच्यासाठी कराराला धरून कामाचा हॅश लिहिताच येत नाही.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातली वाघांची ओळख हे याचे देखणे उदाहरण आहे. ट्रॅप कॅमेऱ्याने टिपलेल्या वाघाची ओळख त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून पटवली जाते, आणि प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. पण दोन छायाचित्रांतले पट्टे हुबेहूब कधीच जुळत नाहीत. कोन, उजेड, चालताना ताणलेली कातडी यांनी फरक पडतो. सॉफ्टवेअर जुळणीचा गुणांक देते आणि शेवटी माणूस ठरवतो. डाव्या कुशीचे आणि उजव्या कुशीचे पट्टे तर एकाच वाघाचेही वेगळे, म्हणून कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात. इथे पट्टे ही की होऊ शकत नाहीत. ओळख पटल्यावर वाघाला जो क्रमांक दिला जातो, तो मात्र उत्तम की आहे. गावांच्या बाबतीत जनगणनेने दिलेला गावाचा संकेतांक हेच काम करतो. अस्पष्ट ओळख एकदाच, माणसाच्या देखरेखीखाली उरकायची आणि पुढे नेमकी समानता असलेला क्रमांक वापरायचा, ही रीत पुस्तकात वारंवार येईल.

आता हॅशकडे. समानता ठरली की हॅशकडून दोन अपेक्षा उरतात : तो चटकन निघावा आणि की सगळ्या कप्प्यांत सारख्या पसराव्यात. जावाच्या पहिल्या आवृत्त्यांनी वेळ वाचवण्यासाठी लांब स्ट्रिंगमधली मोजकीच अक्षरे हॅशला घेतली. वेब पत्त्यांसारख्या बहुतांश सारख्या दिसणाऱ्या कींचा त्यामुळे खच पडला आणि १९९८च्या आवृत्तीपासून सगळी अक्षरे धरली जाऊ लागली. ते सूत्र आजही चालू आहे : आधीच्या आकड्याला ३१ने गुणायचे, पुढच्या अक्षराचा क्रमांक मिळवायचा. कागदावर करून पाहता येते. घ २३२८, ट २३३५. ३१ गुणिले २३२८ अधिक २३३५ म्हणजे ७४,५०३. ग २३२७, काना २३६६. तोच गुणाकार-बेरीज केली तर पुन्हा ७४,५०३. म्हणजे जावाच्या लेखी ‘घट’ आणि ‘गा’ यांचा हॅश एक. त्याच न्यायाने ‘गडचिरोली’ आणि ‘खीचिरोली’ यांचाही एक.

गंमत इथवर ठीक आहे. पण ‘घटघट’, ‘घटगा’, ‘गाघट’, ‘गागा’ या चारांचाही हॅश एकच येतो, आणि अशा दहा जोड्या एकापुढे एक लावल्या तर वीस-वीस चिन्हांचे १,०२४ शब्द एकाच कप्प्यात जातात. साखळीच्या साध्या टेबलात ते भरायला ५,२३,७७६ तुलना लागतात. सोळा जोड्यांचे शब्द ६५,५३६ होतात आणि तुलना दोनशे कोटींच्या पुढे. हे शब्द कुणी मुद्दाम बनवून वेबसाइटच्या फॉर्ममधून पाठवले तर सर्व्हर तिथेच अडकतो. स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलॅक यांनी २००३मध्ये हा धोका दाखवून दिला होता. पर्ल सावध झाली, बाकीच्यांनी फारसे मनावर घेतले नाही. डिसेंबर २०११मध्ये जर्मनीतल्या एका परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान व्हेल्डे यांनी पीएचपी, जावा, पायथनसह अनेक भाषांवर तो पुन्हा करून दाखवला, तेव्हा धावपळ झाली. २०१२मध्ये ज्याँ-फिलिप ओमासाँ आणि डॅनियल बर्नस्टाइन यांनी ‘सिपहॅश’ आणला. त्यात गुप्त बीज मिसळलेले असते आणि ते माहीत नसताना टक्करी रचणे अवघड. बीजाच्या कल्पनेचे सैद्धांतिक मूळ मात्र कार्टर आणि वेगमन यांच्या सत्तरच्या दशकातल्या ‘सार्वत्रिक हॅशिंग’मध्ये आहे. पायथन, रस्ट, स्विफ्ट यांनी सिपहॅश किंवा त्याचे हलके रूप डीफॉल्ट केले. जावाने सूत्र जुनेच ठेवले, कारण ते तिच्या दस्तऐवजात लिहून दिलेले आहे. २०१४च्या आवृत्तीपासून कप्पा फार भरला तर साखळीचे झाड करण्याची युक्ती तिने योजली. बीजामुळे एक परिणाम असाही झाला की बऱ्याच भाषांत प्रोग्राम नव्याने चालवला की हॅश दर वेळी बदलतो. आज काढलेला हॅश फाइलमध्ये साठवून उद्या वापरण्याची सवय त्यामुळे मोडावी लागते.

वेगाचे म्हणाल तर पूर्णांकांवर अनेक लायब्ऱ्या काहीच करत नाहीत. संख्या हाच तिचा हॅश. सलग क्रमांकांना हे फार चांगले जमते. पण कप्प्यांची संख्या २च्या घातात असेल आणि की शंभराच्या टप्प्याने येत असतील तर चारातला एकच कप्पा वापरात येतो. स्विस टेबलसारख्या रचना हॅशचे ७ बिट वेगळे काढून सोळा-सोळा कप्पे एकदम तपासतात; त्यांना चांगला घुसळलेला हॅश लागतोच.

हा विषय आताच मराठीत आणण्याचे कारण मराठी मजकुराच्या वाढत्या ढिगात आहे. सातबारा, शाळेचे दाखले, मतदारयाद्या, वनहक्काचे दावे ही सगळी माहिती देवनागरीत संगणकावर आली आहे, आणि ती जोडणारे प्रोग्राम डीफॉल्टवरच चालतात. वगळलेला लाभार्थी किंवा दोनदा मोजलेला सातबारा यांच्या मुळाशी पुष्कळदा गुंतागुंतीचे काही नसते, दोन स्ट्रिंगांची तुलना असते. ती तुलना कोण करते, कशी करते आणि कुठे बदलायची, हे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. कारण त्या पुस्तकांतल्या की इंग्रजी असतात.

पुस्तकाची बैठक त्यामुळे एका गावयादीवर ठेवली आहे. पोंभुर्णा तालुक्यापासून सुरू होऊन ती चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांवर पसरते. २६ ऑगस्ट १९८२पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते, म्हणून जुन्या नोंदीतल्या आणि नव्या नोंदीतल्या गावाची जिल्हा-तालुका-नाव ही संयुक्त की जुळत नाही, आणि संयुक्त कीचा हॅश कसा रचायचा, त्यातले कोणते घटक समानतेत धरायचे आणि कोणते सोडायचे, हे त्या निमित्ताने बारकाईने पाहता येते. कोड पायथन, जावा आणि सी++ या तीन भाषांत दिला आहे, कारण या तिघींची डीफॉल्ट एकमेकींपासून पुरेशी वेगळी आहेत. वाचकाला यांपैकी एक भाषा कामापुरती येत असावी. शक्यतागणिताची जी थोडी गरज आहे ती जागच्या जागी भागवली आहे. पासवर्ड आणि स्वाक्षऱ्यांसाठीचे गुप्तलेखन हॅश, अंदाजी शोधासाठीचे हॅश आणि डेटाबेसांचे वर्णानुक्रमाचे नियम हे तीन शेजारचे विषय हद्दीबाहेर ठेवले आहेत. जिथे त्यांच्याशी गल्लत होण्याचा संभव आहे तिथे फरक तेवढा सांगितला आहे.